डोंगरातली शर्यत आणि सपाटीवरची माणसं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ओपन स्पेसवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवले आहेत.)



सचिव साहेबांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. विषय दिला, 'डोंगरातली धावण्याची शर्यत'. मी म्हटलं, साहेब, लोक भरीत-पुरीसाठी आलेत, त्यांना डोंगर कशाला दाखवता? तर म्हणाले, गेल्या दोन वर्षांत सोसायटीत सगळ्यात जास्त चर्चा त्याच गोष्टीची झाली, आणि अर्धी चर्चा चुकीची झाली. तेव्हा एकदा नीट सांगून टाका. म्हणून उभा आहे.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, हे तुम्हाला माहीत आहे. गिरणेच्या पाटावर लेव्हल घ्यायची, चाऱ्या तपासायच्या. पाटाचं काम असं असतं, की किलोमीटरभर चाललं तरी उतार वीतभर. पाणी हळूहळू जायला पाहिजे, जमीन खरवडायला नको. म्हणजे तेहतीस वर्षं मी जगातल्या सगळ्यात सपाट रस्त्यावर चाललो. त्यात आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. त्या माणसाने साठीच्या तोंडावर घाट पळायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मोठ्या बंधूंनी अमळनेरहून फोन करून विचारलं, "काब्र पयी ऱ्हायनात भाऊ? कोनी मांगे लागनं का?"

मागे कोणी लागलं नव्हतं. मेहरूण तलावाला सकाळी चक्कर मारता मारता ती सुरुवात झाली. चार जण चालायचो, मग अधूनमधून पळायला लागलो. आपल्याकडे आता धावणारे कमी नाहीत, हे चांगलं झालं. पण तलावाची चक्कर आणि डोंगर यात फरक आहे. तो फरक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

विल्यम नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे, आणि जितकं चढायचं असेल त्यात दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास मिळवायचा. चालण्याचा हिशोब आहे, पण पळणाऱ्यालाही उपयोगी पडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर १०० मीटर उंची चढणं म्हणजे सपाटीवर साधारण आठशे मीटर जास्तीचं चालणं. आता जळगावचा माणूस १०० मीटर चढणार कुठे? उड्डाणपुलावर? आम्ही तेही केलं. लांडोरखोरीकडचे चढ केले, विद्यापीठाकडचे केले. आणि एक सांगतो, आपल्या कॉलनीतले रस्ते पाइपलाइनसाठी खोदून ठेवले होते ना, त्या पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुतवत पळालो, तो सरावही वाया गेला नाही. घोटे मजबूत झाले.

पण खरा डोंगर आपल्याकडेही आहे, लोक विसरतात. धुळ्याला माझे साडू राहतात, त्यांच्यामुळे लळिंगचा किल्ला झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना सगळेच तो बघतात, चढतात थोडे. फारुकींच्या काळचा किल्ला. शेजारच्या कुरणात लांडोर बंगला आहे, बाबासाहेबांचा मुक्काम तिथे झाला म्हणून ३१ जुलैला मोठी गर्दी होते. बाकी वर्षभर सकाळी सहाला तिथे तुम्ही आणि मोर. चढ लहान आहे पण उभा आहे, आणि दगड सुटे. डोंगरवाटेवर पाय कुठे टाकायचा हे डोळ्यांनी तीन पावलं आधी ठरवावं लागतं, ते मी तिथे शिकलो. डांबरी रस्त्यावर माणूस विचार करत पळू शकतो, घरचे हप्ते, पोरीचं लग्न. दगडावर एकच विचार चालतो.

दुसरी जागा पाटणादेवी. चाळीसगावहून पुढे, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. आपल्यातले बरेच जण नवरात्रात जाऊन आलेले आहेत. भास्कराचार्यांचं नाव ज्या शिलालेखामुळे त्या गावाशी जोडलं गेलं, तो शिलालेख डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी जगापुढे आणला. मंदिरामागे कण्हेरगड, वर पितळखोऱ्याची लेणी. आम्ही तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी दोनदा गेलो. पण अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, ठरलेली वेळ पाळायची, बिबट्याचा इलाखा आहे. पहाटे अंधारात पळायची हौस तिथे करायची नाही. तिथे एक गुराखी पोरगा आमच्या शेजारून चप्पल घालून वर गेला, आणि आम्ही अर्ध्यात पोचेपर्यंत परत खाली आला. त्याला शर्यत बिर्यत काही ठाऊक नव्हती. म्हैस शोधत होता.

अशा पोरांतूनच मोठे खेळाडू होतात बरं का. त्र्यंबकेश्वरकडच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. लहानपणी डोंगरातून पाणी आणायला जायची. सातपुड्यात धडगाव-तोरणमाळकडे अशा किती मुली रोज तेवढं चढतात-उतरतात, त्यांच्याकडे कुणी घड्याळ घेऊन उभं राहिलेलं नाही. असो, तो वेगळा विषय होईल.

आता साताऱ्याचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. साताऱ्याच्या धावणाऱ्या मंडळींनीच ती उभी केली. अंतर २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणी वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ, दुसरा अर्धा बहुतेक उतार. २०१५ साली एका डोंगरावर एका वेळी सर्वात जास्त धावपटू म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली, आकडा २,६१८. ही डांबरी रस्त्यावरची डोंगरशर्यत. ज्यांना खरी पायवाट हवी त्यांच्यासाठी पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी शर्यत असते, तिच्यात १०० किलोमीटरपर्यंतचे टप्पे आहेत. तिथे आपला कोणी अजून गेलेला नाही. जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण क्रम असावा. आधी लळिंग, मग सातारा, मग ते.

आम्ही सोसायटीतले दोघे गेलो. दुसऱ्या सभासदाचं नाव त्यांनी घेऊ नका सांगितलंय, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी मी घेणार नाही. वय सेहेचाळीस, साखरेची गोळी सुरू. निघण्याआधी दोघांनी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट केली. त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी गोळी कशी घ्यायची, काय खायचं, हे कागदावर लिहून दिलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो. रात्री जळगावला बसायचं, पुण्यात उजाडतं, पुढे सातारा. वहिनींनी डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दिला होता. शर्यतीच्या आदल्या रात्री ठेचा खाऊ नये हा नियम मी पाळला, त्यांनीही पाळला, डबा मनमाडपर्यंतच संपला होता.

पहाटे पाऊस. आपला खान्देशी पाऊस कसा असतो, येतो, झोडपतो, जातो. तिथला तसा नाही. बारीक, आडवा, वाऱ्यासोबत, थांबायचं नावच नाही. सुरुवातीला बरं वाटलं. ढोल-लेझीम, रस्त्याच्या दोन्ही बाजूला सातारकर उभे, आजीबाई हात करताहेत, शाळेची मुलं टाळ्या वाजवताहेत. गाव सोडून घाटाला लागलो तसा आवाज मागे पडला. घाटाचा चढ माझ्या डोळ्याने विसाला एक असावा, म्हणजे वीस मीटर चाललं की एक मीटर वर. वाचायला काही वाटत नाही. पायाला वाटतं.

चढावर पळायचं कसं, तर आखूड पावलं. छाती पुढे, कंबरेतून वाकायचं नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. येत नसतील तर चालायला लागायचं, लाज धरायची नाही. पहिले येणारेसुद्धा उभ्या चढावर चालतात. आम्ही तसंच गेलो. उजव्या हाताला ढग बाजूला झाला की खाली सातारा आणि अजिंक्यतारा दिसायचा, पुन्हा झाकून जायचा. एका ठिकाणी पाणी आणि केळी ठेवली होती. केळं हातात घेतलं आणि उगाचच वाटलं, हे आपल्या रावेरकडचं असणार.

वळणाच्या जागेच्या जरा अलीकडे वारा फार होता. माझ्या लक्षात आलं, हे बोलत नाहीयेत. घाटभर बडबड करणारा माणूस. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही, थंडी." ओठ निळसर. हात थरथरत होते. मी म्हटलं, नंबर सांगा तुमचा, छातीवरचा. खाली बघितल्याशिवाय आठवेना, आणि बघितल्यावर आकडे उलटसुलट वाचले.

आता इथे नीट ऐका, कारण याच गोष्टीवर नंतर ओट्यावर बसून भलतंच बोललं गेलं. थरथर, गोंधळ, जीभ जड होणं, ही लक्षणं अंगातली साखर घसरली तरी दिसतात आणि अंग गार पडलं तरी दिसतात. दोन्ही एकदम होऊ शकतं. चालत्या-पळत्या स्नायूला साखर भराभर लागते, त्यात गोळीचा परिणाम असतो. आणि भिजलेला सुती बनियन वाऱ्यात अंगाची ऊब ओढून घेतो. आपण चव्वेचाळीस अंशाच्या उन्हाची माणसं. उन्हाचं आपल्याला सगळं समजतं, कांदा खिशात ठेवू, उपरणं बांधू, दुपारी बाहेर पडणार नाही. थंड पावसाचं आपल्या अंगाला काहीच माहीत नाही. शरीराचं तापमान ३५ अंशाच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला धोका म्हणतात, आणि आपल्याला वाटतं धोका फक्त उन्हातच असतो.

मी त्यांना थांबवलं. ते थांबायला तयार नव्हते. "वळण आलंच आहे, मेडल मिळेल, पुढे उतारच आहे," असं चाललेलं. कमरेच्या पाकिटात ग्लुकोजची पूड होती, ती तोंडात टाकली, वर गुळ-शेंगदाण्याची चिक्की. माझं पातळ रेनकोट-जर्किन मी कमरेला बांधून आणलं होतं, ते त्यांच्या अंगावर चढवलं आणि आडोशाच्या बाजूला उभं केलं. एका स्वयंसेवक मुलीने शिट्टी मारून रुग्णवाहिका बोलावली. आत डॉक्टर होते, बोटाला टोचून साखर बघितली, ६२. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. ओला बनियन काढला, चंदेरी कागदासारखं पांघरूण गुंडाळलं, गरम गोड पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, ९४. मग हे रडायला लागले. मेडलसाठी नाही. म्हणाले, "घरी काय सांगू?"

त्यांनी सकाळी डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे खाल्लं होतं, गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली होती. मी शेजारच्या खाटेवर होतो, मला ठाऊक आहे. म्हणून 'हौस नडली' असं कोणी म्हणू नये. गार वारा आणि दोन तासांचा चढ, एवढं त्यांच्या शरीराला त्या दिवशी जास्त झालं. आणि आपल्यासोबत पळणारं कोणी असणं, पुरेशी माणसं रस्त्यावर उभी असणं, रुग्णवाहिका हाकेच्या अंतरावर असणं, याचा उपयोग झाला.

याचं उलटं काय होतं, ते जगाने बघितलेलं आहे. चीनमध्ये गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला १०० किलोमीटरची डोंगरशर्यत होती. पिवळ्या नदीच्या काठचे दगडी डोंगर. १७२ जण धावत होते. दुपारी एकदम हवा बदलली, गारा, बर्फाळ पाऊस, सोसाट्याचा वारा. बहुतेकांच्या अंगावर हाफ पँट आणि टी-शर्ट. गरम जर्किन सोबत ठेवायची सक्ती नव्हती. जिथे चढ सगळ्यात अवघड, तिथे गाड्या पोचत नव्हत्या. एकवीस जण गेले. त्यात त्या देशातले नावाजलेले धावपटू होते, आपल्यासारखे मेहरूणवाले नव्हेत. आणि वाचवलं कोणी? झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसाला चुकवून गुहेत थांबला होता, त्याने सहा जणांना आत ओढून शेकोटीजवळ आणलं. गुहेत त्याने आधीपासून कपडे आणि खाण्याचं सामान ठेवलेलं होतं. त्याला हवेची भाषा कळत होती.

ही गोष्ट मी साताऱ्याला जायच्या आधी वाचली होती, म्हणून ते जर्किन कमरेला होतं. माझे चिरंजीव हसले होते, म्हणे बाबा, सप्टेंबर आहे.

मी पुढे गेलो का, असं विचारतात. गेलो. ते शुद्धीवर, गप्पा मारायला लागले, रुग्णवाहिकेतून खाली जाणार होते, डॉक्टरांनी सांगितलं तुम्ही थांबून उपयोग नाही. वळण घेतलं आणि उतरायला लागलो. चाळीसेक मिनिटं थांबल्यामुळे पाय आखडले होते. उतार सोपा असतो असं ज्याला वाटतं त्याने यवतेश्वरचा घाट उतरून बघावा. चढताना दम लागतो, उतरताना मांड्या फुटतात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून अंगाला धरून ठेवतो, ब्रेक लावून गाडी उतरवावी तसं. त्याचं दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. मंगळवारी मी बँकेच्या पायऱ्या उलटा उतरलो, ते आपल्यातल्या चौघांनी बघितलंय, त्यातल्या एकाने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. टाका. तो सल्ला म्हणून उपयोगी आहे.

शेवटच्या माणसांमध्ये मी पोचलो. वेळ सांगण्यासारखी नाही. ते गेटवर कोरड्या कपड्यांत चहा पीत उभे होते.

परत आल्यावर काय झालं ते खरं अवघड. त्यांच्या घरी पळणं बंद झालं. वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसल्या आहात, तुमची परवानगी घेऊनच बोलतो आहे. तुमचं म्हणणं असं होतं, की घरात दोन मुलं आहेत, आईंचं वय झालंय, हा माणूस डोंगरात काय मिळवायला जातो? मला त्यावर उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. मी फक्त त्यांच्या डॉक्टरांकडे दोघांसोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद केलं तर साखर वर जाईल, डोंगरात जायचं तर गोळीचा हिशोब नव्याने बसवावा लागेल, सोबत मोजायचं यंत्र लागेल, आणि थंडी-पावसात जाणार असाल तर मला आधी विचारा. सहा महिने ते मेहरूणला फक्त चालले. वहिनी सोबत आल्या, लक्ष ठेवायला. आता वहिनी त्यांच्या पुढे असतात. मी याच्यावर जास्त बोलणार नाही.

मुद्द्याचं एवढंच, की आपल्या सोसायटीतले अकरा जण येत्या वर्षी साताऱ्याला जाऊ म्हणताहेत. त्यात तीन ताई आहेत, आणि एक सभासद असे आहेत ज्यांनी आयुष्यात बस पकडण्यासाठी सोडलं तर पळणं केलेलं नाही. आनंद आहे. पण या अकरांपैकी सात जणांनी अजून डॉक्टरांचा कागद दिलेला नाही. मी संचालक मंडळाला लेखी विनंती केली आहे, की सोसायटीच्या नावाचा टी-शर्ट त्यालाच मिळेल ज्याचा ईसीजी, रक्तदाब आणि साखरेचा कागद माझ्याकडे जमा आहे. चाळिशीच्या पुढे असाल तर ट्रेडमिल टेस्टसुद्धा. घरच्या एका माणसाची सही पण मी मागणार आहे. काही जणांना हे लग्नाच्या बोलणीसारखं वाटतंय, वाटू द्या.

सामानात सुती बनियन चालणार नाही. लवकर वाळणारं कापड, पातळ वाराप्रतिबंधक जर्किन, शिट्टी, थोडं ग्लुकोज आणि चिक्की. पाणी तहानेप्रमाणे. तहान नसताना बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं मीठ पातळ होतं, त्यानेही माणसं पडतात. बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. आणि जोडीशिवाय कोणी पळायचं नाही. जोडीदार बोलायचा थांबला तर त्याला त्याचा नंबर विचारायचा.

सराव रविवारपासून सुरू होतो आहे. पहाटे साडेपाचला ओपन स्पेसच्या गेटजवळ. पहिले चार रविवार मेहरूण, पाचव्या रविवारी लळिंग. लळिंगला जाण्यासाठी गाडी ठरवली आहे, दहा सीट आहेत आणि आपण अकरा आहोत, तेव्हा एकाने मोटरसायकल काढावी लागेल. नाश्त्याचा डबा धुळ्याचे आमचे साडू आणणार आहेत. कागद ज्यांचे राहिलेत त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या घरी आणून द्यावेत. मी नसलो तर आमच्या सौभाग्यवतींकडे द्या, त्या वाचून घेतात.